पट्ट्याच्या नळीला बांधलेला काळा दोरा

मित्रांनो, मी सुरतच्या एका दवाखान्यातला जुना रबरी पट्टा आहे. शोभाबाईंनी धाकट्या लेकीची पाठवणी खुर्चीत बसून केली, ते साल १९९५. त्याच साली त्या गुडघा बदलायला आमच्याकडे आल्या.

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मला मांडीभोवती गुंडाळतात. पाय उंच धरून त्यातलं रक्त उतरू देतात आणि मग नळीतून माझ्यात हवा भरतात. मी फुगून घट्ट होतो नि पायाकडे जाणारं रक्त अडवतो. पुष्कळांचं रक्त मी असं वाचवलं, याचा मला अभिमान आहे.

शोभाबाईंच्या गटाचं रक्त दुर्मीळ. त्यांचे यजमान धुडकू सुरतभर, लिंबायतहून पर्वत पाटियापर्यंत हिंडले, तेव्हा कुठे एक बाटली मिळाली. जास्त रक्त गेलं असतं, तर चढवायला दुसरी नव्हती.

त्यात त्यांच्या मांडीला मंतरलेला काळा दोरा. नर्स सरलाबाईंनी कात्री घेतली, तशा त्या म्हणाल्या, "दोरा तोडू नका, बाई. हाऊ शे म्हनीसन मी चालस."

"मावशी, त्याच्यामुळे चालता हे खरं, पण पट्ट्याखाली राहिला तर कातडीत रुतेल. पट्टाही नीट बसायचा नाही."

"मंग कोठे ठेवशात?"

सरलाबाईंनी कात्री ठेवली, नखांनी गाठ सोडवली आणि दोरा माझ्या नळीला बांधला. "पायाच्या राखणदाराला बांधला. चालेल?"

डॉक्टर हसले. "आता पट्ट्याला नजर लागायची नाही."

"हसू नका, डॉक्टर," शोभाबाई म्हणाल्या. "त्याले नजर लागी तर मना काय व्हई?"

मी नेट धरला. काम होईपर्यंत हवा सोडली नाही. मला सैल केल्यावर डॉक्टरांनी रक्त येणाऱ्या नसा एकेक करून बंद केल्या. ती बाटली उघडावीच लागली नाही.

पुढे शोभाबाई तपासणीला चालत आल्या. सरलाबाईंनी दोरा परत देऊ केला.

"ऱ्हाऊ द्या. मना पाय बरा शे. आते दोरा पट्टाले लागी."

मित्रांनो, पुढे मला कुणीतरी ओलाच घडी करून ठेवलं. घडीवर चीर गेली आणि आता माझ्यात हवा टिकत नाही. नव्या पट्ट्याला तरी पुसून, वाळवून, सरळ टांगत जा. त्याच्या भरवशावर कुणीतरी निजलेलं असतं.

दोरा अजून माझ्या नळीलाच आहे. शोभाबाई चार वर्षं आपल्या पायांनी चालल्या. १९९९ साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, नळावरून पाण्याची कळशी घरात आणून ठेवल्यावर, हृदयविकाराने त्या वारल्या.