तेविसावं पत्र

सुनेची पत्रं उषाताई साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवायच्या आणि खोकं स्वतःच्या कप्प्यात. का नाही ठेवायचं? पाकिटावर नाव त्यांचंच असे. आत "ती. सौ. आई यांस, सा. न." अशी सुरुवात, आणि खाली मोठ्या, गोल अक्षरांत चारपाच परिच्छेद. रश्मी चौथीपर्यंत बडोद्याच्या मराठी शाळेत होती, मग आईवडिलांबरोबर विलायतेत लेस्टरला गेली, त्यामुळे अक्षर चौथीतल्या मुलीचंच राहिलं होतं. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत तीस वर्षं वह्या तपासलेल्या उषाताई ही पत्रं मात्र लाल पेन हातात न घेता वाचत. सुरतजवळच्या भेस्तानच्या सोसायटीत शेजारणींना त्यांनी कितीदा तरी ऐकवलं असेल, "सून असावी तर अशी. नवऱ्याला एक ओळ नाही, पण सासूला दर पंधरा दिवसांनी पत्र!"

तेच कौतुक पुढे अंगाशी आलं.

त्यांचा मंदार पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्र्याण्णवच्या डिसेंबरात लग्न झालं. सहा आठवडे राहून रश्मी परत गेली. तिकडे तिची औषधाच्या दुकानात नोकरी होती, आणि वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. ती एकुलती एक. तिला इकडे कायमचं येता येणार नव्हतं, म्हणून मंदारनेच जायचं ठरलं होतं. पण त्या काळी विलायतेत कायदा असा होता की बाहेरून येणाऱ्या नवऱ्यानेच सिद्ध करायचं, की हे लग्न मुळात तिकडे शिरण्यासाठी केलेलं नाही. मनातली गोष्ट कागदावर कशी सिद्ध करायची?

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत साहेबाने विचारलं, "बायकोची पत्रं आणलीत?"

"ती मला लिहीत नाही," मंदार म्हणाला. पोरगा खोटं बोलला नाही.

महिन्याभरात नकाराचा कागद आला. पतिपत्नींत पत्रव्यवहार नाही, सबब लग्नाच्या हेतूबद्दल खात्री पटत नाही.

"अरे गाढवा," अरविंदराव ओरडले, "खोकंभर पत्रं आहेत घरात!"

"ती आईची आहेत, बाबा. मी कशी नेणार?"

रश्मीने तिकडे अपील केलं. तिच्या वकिलाचं पत्र आलं, ते अरविंदरावांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तिथल्या वरच्या कोर्टांनी याआधी म्हटलेलं होतं, की लग्नानंतर दोघांनी एकमेकांविषयी दाखवलेली ओढ पुरावा म्हणून धरता येते. तेव्हा सगळी पत्रं भाषांतरासह पाठवा, आणि ती सासूच्या नावे का आहेत, हे सासूनेच प्रतिज्ञेवर सांगावं. अपील गेलं तर दुसरी संधी लवकर नाही.

उषाताई शब्दकोश घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. समोर अरविंदरावांचा जुना टाइपरायटर. तीन पत्रं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"अहो, यात मंदारचं नावसुद्धा नाही. काय कपाळ पाठवायचं?"

"ते दुसरं परत वाच."

"'स्कूटरची सीट फाटली होती ती शिवून घेतली का? पावसात भिजत असेल.'"

"तू कधीपासून स्कूटर चालवायला लागलीस?"

उषाताईंनी मान वर केली. मग खालचं एक पत्र ओढलं. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरचं. प्लेगच्या बातमीने माणसं गाठोडी घेऊन सुरत सोडत होती, रस्ते ओस पडले होते, तेव्हाचं. पत्रावर दोन ठिकाणी शाई फुटली होती. "'आई, पाणी उकळून घ्या. बाहेर जाताना रुमाल बांधा. कारखाना बंद ठेवला तर बरं होईल. उंच माणसाने वाकून बसमध्ये शिरताना रुमाल सुटतो, तो पुन्हा बांधावा.'"

मिठाची बरणी काढायला स्टुलावर चढणाऱ्या उषाताई स्वतःशीच म्हणाल्या, "उंच माणसाने."

"तू माहेरी अमळनेरला गेलीस की माझ्या आईला काय लिहायचीस?" अरविंदराव टाइपरायटरकडे बघतच म्हणाले. "'कंदिलाची काच रोज पुसावी, अंधुक उजेडात डोळे बिघडतात.' आई म्हणायची, सुनेला कंदिलाची फार काळजी बाई! मी तेव्हा परीक्षेचा अभ्यास करत होतो."

"तुम्ही वाचायचात ती पत्रं?"

"आई देवळात गेली की."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी!"

"तू तरी कुठे मला लिहिली होतीस?"

उषाताई हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. आता प्रत्येक पत्र वेगळं दिसू लागलं. लसणाच्या चटणीची चौकशी, लवकर निघणाऱ्यांनी उपाशी निघू नये, खोकल्यावर ज्येष्ठमध घ्यावं. वर्षभर आपण छातीशी धरलं ते दुसऱ्याचंच होतं. आणि ते आता आपल्याच हाताने लिहून द्यायचं. ते जितकं चांगलं लिहू, तितका मुलगा लवकर दूर जाणार.

चार दिवस त्या भाषांतर करत होत्या. दर पत्रात त्या आपल्यासाठी काही सापडतं का ते शोधत होत्या. तळाशी एक आंतरदेशीय पत्राएवढं निळं पान निघालं. त्यात स्कूटर नव्हती, खोकला नव्हता, कोणी उंचही नव्हतं.

"आई, निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावलंत आणि मला बसल्या बसल्या झोप लागली. तुम्ही मांडी हलवली नाहीत. माझी आई दुकानात आणि बाबांच्या मागे, तिला सवड नसते. एवढंच लिहायचं होतं."

त्यांनी ते पान घडी करून कपाटातल्या साडीत सरकवलं.

नोटरी देसाईभाईंनी गठ्ठा उलटापालटा केला. "उषाबेन, आ तो बधा कागळ तमारा नामना! वहु सासुने लवलेटर लखे?" सगळी पत्रं सासूच्याच नावे, सून सासूला प्रेमपत्रं लिहिते की काय, याचं त्यांना नवल वाटलं.

"आमच्यात असंच लिहितात, भाई. तुम्ही शिक्का मारा."

प्रतिज्ञेत उषाताईंनी साध्या इंग्रजीत लिहिलं होतं: सोबतची बावीस पत्रं माझ्या नावे आहेत, पण ती माझ्यासाठी नाहीत. आमच्या घरांत नवी सून नवऱ्याला मोकळेपणाने लिहीत नाही. ती सासूला लिहिते, आणि सासूने ते घरात वाचून दाखवावं अशी रीत आहे. मी मोठ्याने वाचत असे तेव्हा माझा मुलगा बुटाची नाडी बांधायला फार वेळ लावत असे, हे मी पाहिलेलं आहे.

शेवटच्या ओळीवर देसाईभाई थांबले, नाक शिंकरलं आणि शिक्का मारला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात निकाल आला. अपील मंजूर. तिथल्या न्यायाधिकाऱ्याने लिहिलं होतं, की पत्रांत पतीचं नाव कुठेही नसलं तरी ती कोणासाठी लिहिली गेली याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. पुढे सत्त्याण्णव साली तो नियमच तिकडे रद्द झाला, तेव्हा अरविंदराव पेपर नाचवत म्हणाले, "आपलं टायपिंग फुकट गेलं की!" पण ते नंतरचं.

मंदार निघायच्या दिवशी उषाताईंनी त्याच्या बॅगेत चटणीचा डबा ठेवला, त्यावर वकिलाकडून परत आलेला पत्रांचा गठ्ठा.

"आई, ही तुझी आहेत."

"कोर्टात शपथेवर सांगितलंय, माझी नाहीत म्हणून. आता खोटी पाडतोस का मला? घेऊन जा."

त्याने गठ्ठा हातात तोलला, सवयीने कडा मोजल्या. "तेवीस होती ना गं?"

"हो."

"मग एक?"

उषाताई बॅगेची चेन लावायला खाली वाकल्या. अडकलेली चेन त्यांनी नीट पुढेमागे करून सोडवली आणि शेवटपर्यंत ओढली.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या. "चल, रिक्षा थांबलीय."