फायनलताईंची रजा

"सिस्टर, इथे रेंज येते ना हो?" फायनलताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

औषधांचा ट्रे घेऊन चाललेली नर्स थांबली. "येते की. मघाशी तुम्हीच नाही का टॅक्सीवाल्याशी भांडलात फोनवर? कुणाचा फोन यायचाय?"

"ऑफिसचा."

"मग नाही आला तर बरंच," असं म्हणून ती पुढे गेली.

ताईंना ते काही पटलं नाही. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकतीस पावलं होतात, हे सकाळपासून त्यांना पाठ झालं होतं. खोलीत त्यांची थोरली बहीण, अक्का, झोपून होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते आणि आज तिला पहिल्यांदा उभं करायचं होतं. आणि आजच, पाच वाजता, ऑफिसातल्या टेंडरची मुदत संपत होती. एकोणीस वर्षांत ताईंच्या हाताखालून न जाता निघालेलं हे पहिलंच टेंडर. साडेअकरा होऊन गेले तरी फोन मुका.

ताई पंप बनवणाऱ्या कंपनीत टेंडर विभागात होत्या. टेंडर म्हणजे दोनशे पानांचं बाड. ड्रॉइंगवाले आपली पानं लिहिणार, करारवाले आपली, दुरुस्तीवाले आपली. प्रत्येकाची फाईल निराळी आणि प्रत्येक फाईलच्या पाच-पाच प्रती: 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल', 'साहेबांनी बदललेलं फायनल'. यातलं खरं फायनल कोणतं, हे एकट्या ताईंना ठाऊक असायचं. म्हणून तर नाव पडलं, फायनलताई. आधी चेष्टेने पडलं, मग चिकटलं, आणि पुढे ताईंना ते आवडायलाही लागलं. त्यांनी रजेचं नाव काढलं की साहेब कपाळाला हात लावायचे. शेवटी ताईंनी ते नाव काढणंच सोडून दिलं.

गेल्या वर्षी विभागातली चार माणसं पाठोपाठ नोकरी सोडून गेली. जाताना चौघांनीही साधारण एकच लिहिलं: तेच काम तीनतीनदा करावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशीही फोन येतात. पाचवी जायला निघाली होती ती ड्रॉइंगची पानं लिहिणारी इंजिनीअर. पदरात सहा वर्षांची मुलगी. तिने राजीनामा टाइप करून ताईंनाच दाखवला होता, शुद्धलेखन बघायला. ताईंनी दोन वेलांट्या सुधारून तो परत दिला होता.

मग साहेबांनी नवी पद्धत आणली. एकच फाईल, सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यात लिहायचं. कोणी काय बदललं, किती वाजता बदललं, सगळं नावानिशी दिसणार. फाईल पाठवायची नाही, नुसती लिंक पाठवायची. पंधरा दिवस सगळ्यांनी कुरकुर केली. नंतर तीन आठवड्यांचं काम अकरा दिवसांत उरकायला लागलं. इंजिनीअर सहाच्या ठोक्याला पर्स उचलून घरी जायला लागली आणि राजीनाम्याचा विषय मागे पडला. ताईंच्या टेबलाशी येऊन "यातलं फायनल कुठलं हो?" असं विचारणारं मात्र कुणी उरलं नाही. अक्कासाठी आठ दिवसांची रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "बिनधास्त जा." ते 'बिनधास्त' ताईंना अजून सलत होतं.

खिडकीपाशी उभं राहून त्यांनी फोनवर फाईल उघडली. तिघा-चौघांची नावं रंगीबेरंगी होऊन पानांवर सरकत होती. ताई घाईघाईने पानं चाळायला लागल्या. चौसष्टाव्या पानावर हमी अठरा महिन्यांची, आणि एकशे बाराव्यावर चोवीस महिन्यांची! त्यांच्या जिवात जीव आला. चूक सापडल्यावर माणसाला आनंद व्हावा याची त्यांना जराशी लाजही वाटली, पण बोट ऑफिसच्या नंबराकडे गेलंच.

"चला, पेशंटबरोबर कोण आहे?" व्यायाम करून घेणारा माणूस दारात उभा होता. "एका बाजूने तुम्हाला धरावं लागेल."

"आलेच हं. दोनच मिनिटं, एक फोन करते."

"कर, कर," आतून अक्का म्हणाली. "मी काय, कुठे पळून जातेय?"

आवाज हसरा होता, पण तोंड भिंतीकडे होतं. सहा वर्षांपूर्वीही ती अशीच भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्या दिवशी हॉस्पिटल दुसरं होतं आणि पलंगावर आई होती. डॉक्टरांनी दोघी बहिणींना थांबून राहायला सांगितलं होतं. तेवढ्यात ऑफिसातल्या टायपिस्टचा फोन आला. तीन प्रती समोर होत्या, आणि कोणती पाठवायची ते त्याला कळेना. ताई जिन्यात जाऊन त्याला समजावत राहिल्या: चौदा तारखेची नको, सोळाची घे, तिला मागचे दोन तक्ते जोड. वीस मिनिटं गेली त्यात. परत आल्या तेव्हा अक्का आईच्या अंगावरची चादर सारखी करत होती. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या.

ताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि आत गेल्या.

"अगं, दंड धर नीट. फाईल नाही ती," अक्का ओरडली. व्यायामवाला हसला. अक्काने दात-ओठ खात एक पाऊल टाकलं, मग दुसरं. चौथ्या पावलाला तिने ताईंच्या मनगटात नखं रुतवली. सहाव्याला म्हणाली, "बस, आता देव आला तरी माझ्याच्याने पाऊल उचलवत नाही." तिला पुन्हा झोपवेपर्यंत दोघी घामाने भिजल्या होत्या.

नंतर ताईंनी फाईल उघडली. दोन्ही पानांवर चोवीस महिने झाले होते. दुरुस्ती इंजिनीअरची, अकरा बावन्नला. पावणेचारला तिचा निरोप आला: "गेलं टेंडर. सगळं नीट. अक्का चालल्या का?"

ताईंनी तो निरोप दोनदा वाचला. बसायला जावं आणि कुणीतरी खालची खुर्ची अलगद काढून घ्यावी, तसं काहीसं झालं.

"काय गं?" अक्काने विचारलं.

"काही नाही. टेंडर गेलं."

"मग चांगलं झालं की."

"हो ना." ताईंनी घडी केलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी केली, पाण्याची बाटली या कडेची त्या कडेला ठेवली, खिडकी उघडली आणि लावली.

"बस ना जरा एका जागी. तुझ्याकडे बघूनच मला दम लागतो."

ताई बसल्या. मग म्हणाल्या, "अक्का, आई गेली त्या दिवशी मी जिन्यात होते. तुला राग आला असेल ना?"

"आला होता. खूप आला होता." अक्का छताकडे बघत होती. "मग म्हटलं, तिचं कामच तसं. तू नसतीस तर अडलं असतं त्यांचं."

"हो," ताई म्हणाल्या. "अडलं असतं."

सोमवारी त्या कामावर गेल्या. साहेबांनी अक्काची चौकशी केली, आणि मग जरा अवघडून म्हणाले, "ताई, आता असं करा, जुनी टेंडरं सगळी नव्या पद्धतीत चढवलीत, तेवढी जरा लावून द्या. ते तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

काम रिकाम्या हातांना दिलेलं होतं, हे दोघांनाही कळत होतं. ताई वर्षावार लावत बसल्या. दुपारी त्या सहा वर्षांपूर्वीच्या, आई गेली त्या दिवशीच्या टेंडरापाशी आल्या. तिन्ही प्रती एकाखाली एक होत्या. शेजारी, ज्यांना टेंडर पाठवलं त्यांच्या ऑफिसचा शिक्का मारून परत आलेली पोच प्रत होती. ताईंनी ती उघडली. मागे दोन तक्ते नव्हते. पुन्हा उघडली. पहिल्या पानाच्या तळाशी तारीख होती, चौदा.

टायपिस्टने सगळं ऐकून घेतलं होतं, 'हो ताई, हो ताई' म्हटलं होतं, आणि घाईगडबडीत चौदाचीच प्रत पाठवली होती. तक्ते नव्हते, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ऑर्डर मिळाली होती. ते पंप सहा वर्षं बिनतक्रार चालू होते. अभिनंदनाच्या पत्राला आभाराचं उत्तर ताईंनी स्वतः लिहिलं होतं.

त्यांनी फोन उचलला, अक्काच्या नावापर्यंत गेल्या आणि खाली ठेवला. हे फोनवर सांगायचं नव्हतं. त्या उठल्या, पाणी प्यायल्या, खिडकीपर्यंत जाऊन आल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. पोच प्रत समोर तशीच उघडी होती.

पलीकडच्या टेबलावर इंजिनीअरचा फोन वाजला. "केव्हा? ... रक्त थांबलं का?" ती कानाशी फोन धरूनच उभी राहिली. मग ठेवून बसली आणि भराभर टाइप करायला लागली.

"काय झालं गं?"

"शाळेत पडलीये. कपाळाला टाके घालायला नेतायत. एवढा परिच्छेद संपवते ताई, मग निघते. चारला द्यायचंय हे. दहाच मिनिटं."

"ऊठ."

"अहो, अर्धं वाक्य—"

"ऊठ म्हणते ना!" सगळा विभाग वळून बघायला लागला. एकोणीस वर्षांत ताईंचा एवढा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलून तिच्या खांद्याला अडकवली. "लिंक आहे ना माझ्याकडे? मग? जा तू. आणि तिथे पोचल्यावर फोन बंद ठेव. मी सांगते म्हणून."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज दोन-दोन पायऱ्यांनी खाली उतरत गेला.

ताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. पोच प्रत बंद केली, आणि इंजिनीअरची फाईल उघडली. तिचं नाव पानावरून नाहीसं झालं होतं. मागे अर्धवट ओळ होती: 'मुख्य पंप बंद पडल्यास'. असली वाक्यं ताईंनी आजवर शेकड्यांनी जोडली होती, लिहिलं मात्र एकही नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर बघत पुढे टाइप केलं: 'राखीव पंप आपोआप सुरू होईल.'