ढगावरचा ठिपका

मनोऱ्यावर बसून विमानं उतरवणं हे त्याचं काम, पण सगळं शहर त्याला ‘तबकडीकाका’ म्हणायचं. एका संध्याकाळी ढगांच्या पोटाशी आवाज न करता सुसाट पळणारं, उडत्या तबकडीसारखं काहीतरी त्याने पाहिलं, उतरू घातलेलं विमान परत वर पाठवलं आणि इमानदारीने तसा अहवाल दिला. झालं. डोक्यावर परिणाम झालाय म्हणून त्याला घरी बसवलं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. टिकला तो एकटा हवामानवाला, त्याच विमानतळावरचा दोस्त. दर रविवारी यायचा, तीच हकिकत ऐकायचा आणि म्हणायचा, "माझा विश्वास आहे रे तुझ्यावर."

आता इतक्या वर्षांनी सरकारला पारदर्शकतेची उबळ आली होती. आकाशातल्या न उलगडलेल्या गोष्टी अभ्यासायला शास्त्रज्ञांची समिती बसली आणि निष्कर्ष भरसभेत वाचायचे ठरले. तबकडीकाकाने कोटाला इस्त्री केली. ‘हा वेडा नव्हता’ एवढं कुणीतरी म्हणावं, यासाठीच तो जीव धरून होता. मुलीलाही बोलावलं होतं. ती आली आणि मागच्या रांगेत बसली. दोस्त शेजारी.

समितीच्या बाई हुशार होत्या, आणि ते त्यांना फार आवडायचं. "साहेबांनी पाहिलं ते अगदी खरं होतं," त्या म्हणाल्या. तबकडीकाकाचे डोळे भरून आले. त्याने वळून मुलीकडे पाहिलं.

"फक्त ती वस्तू नव्हती, उजेडाचा ठिपका होता. ढगांची उंची मोजायला हवामानवाले खालून दिव्याचा झोत टाकतात. तो झोत कधी जागचा हलत नाही, म्हणून साहेबांना शंका आली नाही. त्या दिवशी कुणीतरी दिवा हलवला. हवामानखोलीचा फोनही टेप व्हायचा, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला काही झाकायचं नाही. सगळं ऐकवतो."

खरखर झाली. मग हवामानवाल्याचा तरुण आवाज आला. "बघ, कसा नाचवतोय त्याला. अरे, विमानच परत पाठवलं की येड्याने." पाठोपाठ हसणं, पोट धरून.

सभागृहही हसलं. दुष्टपणाने नव्हे, हसू आलं म्हणून. मुलगीही हसली, तोंडावर हात धरून, पण हसली.

"सांगणार होतो रे," हवामानवाला पुटपुटला. "पण तुझी नोकरी गेली. मग माझीही गेली असती." मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "रविवारी तू सुरू झालास की हसू दाबताना माझी पुरेवाट व्हायची."

बाईंनी प्रकरण उलगडलं असं जाहीर केलं आणि पुढचं घेतलं. मुलीला गाडी गाठायची होती, ती न भेटताच गेली. तबकडीकाकाला वाटलं, याचा इथेच गळा धरावा. पण मग दार वाजवायला उरणार कोण?

"रविवारी येशील ना?" त्याने विचारलं.

"बघतो," दोस्त म्हणाला. "आता ऐकायला काय राहिलंय?"