मुऱ्हाळ्याची मोटार

पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेकडच्या जहागिरी गेल्या, पण जहागिरदारांच्या मोटारी राहिल्या. जहागिरीवाचून मोटार म्हणजे दारात बांधलेला हत्ती. पोसायचा तर आहेच, नांगराला मात्र जुंपता येत नाही. तेव्हा त्या मोटारी विकायला निघाल्या आणि त्या घेण्याइतकी अक्कल असलेली माणसं हुडकत दलाल जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडू लागले. आमच्या येरमाळ्यात त्यांना आण्णासाहेब सापडले.

गाडी विलायती, लाल, शर्यतीत पळवायची. वर कापडी टप, आत दोनच माणसांची बैठक. नाक एवढं लांब की गाडी चौकात पोचली तरी आण्णासाहेब यायला अजून अवकाश असे. आणि बुटकी इतकी, की ते आत बसले म्हणजे रस्त्यावरच्या शेळ्या त्यांच्याकडे बरोबरीच्या नात्यानं बघत. बैलगाडीवरचा एखादा गडी वरून विचारी, "आण्णा, बसलात का पडलात?"

"लई वेगाची गाडी हाय," आण्णासाहेब खालून सांगत.

वेगाची होतीच. तो वेग मावेल असा रस्ता तेवढा आमच्याकडे नव्हता.

शहाण्या माणसानं अशी वस्तू दसऱ्याला पुजून पुन्हा झाकून ठेवली असती. आण्णासाहेबांनी ती रोजच्या वापराला काढली. शेतावर गाडी, धाराशिवच्या कोर्टाला गाडी, चार घरं पलीकडच्या न्हाव्याकडेही गाडी. कडब्याच्या पेंढ्या तिच्या नाकावर बांधून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. कडबा रुबाबदार दिसत होता.

विलायतेत म्हणे अशी गाडी मालक स्वतःच हाकतो. हे ऐकून आण्णासाहेबांना त्या लोकांची कीव आली. ड्रायव्हर ठेवायची ऐपत नसेल बिचाऱ्यांची! एवढ्या जमिनीचा धनी सुकाणू धरून बसला तर गाव काय म्हणेल? त्यांनी जाफरला ड्रायव्हर ठेवलं. एका जागेवर जाफर, दुसऱ्या जागेवर आण्णासाहेब. झाली गाडी भरून. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई एकदाही तीत बसल्या नाहीत. बसणार कुठं?

त्यात गाडी हटकून बंद पडे. मग सुकाणूवर ड्रायव्हर तर हवाच, म्हणजे ढकलायला उरले मालक. सुकाणू धरण्यात इभ्रत जात होती. ढकलण्यात, का कोण जाणे, जात नव्हती. "मालक, जोर लावा," जाफर आतून म्हणे, आणि मालक फेटा सावरत जोर लावत.

द्विभाषिक राज्य झालं त्याच्या पुढच्या साली आण्णासाहेबांच्या हरणाचं लग्न झालं. एकुलती एक लेक, दिली उमरग्याला ईरण्णांच्या घरी. श्रावणात पहिली पंचमी आली. पहिल्या पंचमीला लेक माहेरी आलीच पाहिजे, आणि तिला आणायला माहेरचा माणूस, म्हणजे मुऱ्हाळी, गेलाच पाहिजे. नाही गेला तर बाकीच्या पोरी झोके घेतात आणि ही चुलीपुढं बसून सासूचे टोमणे खाते. द्वारकाबाईंनी महिनाभर आधीच लिंबाला झोका बांधून घेतला होता. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"एस्टीनं जावा. सकाळी गेलात तर सांजच्याला हरणाला घेऊन याल," त्या म्हणाल्या.

"दारात मोटार उभी असताना एस्टी?" आण्णासाहेब म्हणाले. "इवायाच्या दारात मी धुरळा झटकत उतरू?"

पंचमीच्या आदल्या दिवशी पहाटे गाडी निघाली. लेकीच्या सासरी द्यायची करंज्यांची दुरडी ठेवायला जागा मिळेना, म्हणून ती आण्णासाहेबांच्या मांडीवर आली. तेव्हा कुठं द्वारकाबाईंनी विचारलं, "अन् येताना हरणा कुठं बसंल?"

"तिथं गेल्यावर बघू की!"

गाडी वळणाआड गेली. द्वारकाबाई आत आल्या. त्यांचा भाऊ धोंडीबा अनायासे मुक्कामाला होता, त्याला त्यांनी हलवून उठवलं.

उमरग्याला गाडीचं स्वागत दणक्यात झालं. गल्ली लोटली. ईरण्णांनी व्याह्याला हात धरून वर ओढून काढलं, पुरणपोळीचं जेवण झालं, विडे झाले. हरणा नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आण्णासाहेब गाडीत बसले. जाफर गाडीत बसला. हरणा उभीच.

दाराआडून शांताक्का, म्हणजे हरणाच्या सासूबाई, बोलल्या, "अय्यो, इवाई! लेक न्यायला आलात का जाफरला फिरवायला?"

गल्ली हसली. आण्णासाहेब विचारात पडले. जाफरला बसनं पाठवावं, तर गाडी हाकणार कोण? आपण लेकीला घेऊन बसनं जावं, तर ड्रायव्हर मोटारीत आणि मालक बसमध्ये! लेकीला एकटीला ड्रायव्हरबरोबर धाडावं, हे शांताक्कांपुढं बोलायची छाती नव्हती.

"असं करतो," शेवटी ते म्हणाले. "गाडी घरी पोचवतो अन् उद्या बैलगाडी धाडतो."

"बैलगाडी दसऱ्यापतोर पोचंल का?" शांताक्कांनी विचारलं.

हरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खांद्यावर घोंगडं टाकलेला धोंडीबा दिसला.

"तू रे कशाला आलास?" आण्णासाहेब गाडीतूनच ओरडले.

"आक्कानं धाडलं, दाजी. म्हनली, दाजी मोटार न्यायला गेलेत, तू लेक घेऊन ये."

शांताक्कांनी लागलीच सुनेची ओटी भरली. म्हणाल्या, "मामाबरोबर बिनघोर जा ग. त्यांच्या बसला लई जागा आस्ती."

आण्णासाहेब बसच्या आधी निघाले. वेगाची गाडी. तुळजापूरच्या अलीकडं बसनं त्यांना गाठलं. रस्त्याच्या कडेला लाल गाडी उभी, आत जाफर, मागं चिखलात गुडघ्यापर्यंत आण्णासाहेब.

कंडक्टरनं बस थांबवली. हरणानं खिडकीतून हाक मारली, "आण्णा, या की वर! जागा हाय."

बसमधली सगळी माणसं खिडक्यांशी आली होती. आण्णासाहेबांनी फेटा नीट केला. "तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "आमच्या गाडीनं एकदा पकड घेतली की तुमच्या आधी घरी."

"मालक, जोर लावा," आतून जाफर म्हणाला.

दिवेलागणीला हरणा घरी पोचली. द्वारकाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि नवरा कुठं आहे हे सकाळपर्यंत विचारलं नाही.

पंचमीला दुपारी लिंबाखाली गावच्या पोरीबाळी जमल्या. झोका ऐन रंगात असताना वेशीतून गाडी आली. पुढं कुणाचे तरी बैल जुंपलेले, सुकाणूवर जाफर, आणि मागून सवयीनं ढकलत आण्णासाहेब.

द्वारकाबाई पदर सावरत पुढं झाल्या. "आलात? अन् लेक कुठाय?"

"गाडीत जागा न्हवती," आण्णासाहेब म्हणाले. मग त्यांचं झोक्याकडं लक्ष गेलं.

हरणानं पाय टेकवून झोका थांबवला. एका बाजूला सरकली आणि फळी पदरानं पुसली.

"दमला असाल, आण्णा. बसा," ती म्हणाली. "ह्याच्यावर बी दोघंच मावत्यात. मी उतरते, जाफरभाईला बोलवा."