पंपच खराब निघाला

मी पंप बोलतोय. पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा पंप आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी मुठीत मावतो. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पाणी फिरवणं हे माझं काम. कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कामाला जुंपला की तापतो. त्याच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यात अगदी बारीक नाल्या असतात. मी त्यांतून पाणी ढकलतो. ते पाणी उष्णता घेऊन पंख्यांच्या जाळीत जातं, गार होतं आणि माझ्याकडे परत येतं. काम कंटाळवाणं आहे, पण मी ते कधी चुकवलं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या सदर भागातल्या दुकानाचं काचेचं कपाट. तिथून मला दीक्षानं उचललं. ही मुलगी कॉम्प्युटरवर हलती चित्रं बनवते. तिथल्याच इंदोरा वस्तीत ती आणि तिचे बाबा देवराव, अशी दोघंच राहतात. आई इंदूबाई दोन वर्षांपूर्वी गेली.

दीक्षानं मला स्वतःच्या हातानं बसवलं. नळ्या जोडल्या, छोट्या टाकीत औषधाचे थेंब घातलेलं शुद्ध पाणी भरलं. देवराव मागे हात बांधून बघत उभे होते.

"बाबा, याच्यात बी पाणी फिरते. तुमच्या कूलरसारखंच समजा," ती म्हणाली.

"म्हणजे हा आपल्याच धंद्यातला हाय म्हण ना!" देवराव खूश झाले. त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात अशा माणसाला जेवायला फुरसत नसते. पंप बदल, जाळीतलं खसगवत बदल, टाकी धू. घरी आल्यावरही हात गप्प बसत नाहीत. शेजारच्या शोभाताई बाहेरगावी गेल्या तरी त्यांच्या कूलरचं जुनं पाणी काढून हे ताजं भरून येतात. साचलेलं पाणी त्यांना बघवत नाही.

त्या उन्हाळ्यात दीक्षाला हैदराबादच्या एका स्टुडिओनं परीक्षेचं काम दिलं. दोन मिनिटांची गोष्ट बनवून सोमवारी दुपारपर्यंत पाठवायची. पसंत पडली तर नोकरी. तिनं गोष्ट केली एका कूलरवाल्याची. त्याच्या बंद कूलरमध्ये कबुतरानं घरटं केलंय आणि पिल्लं उडेपर्यंत तो घामाघूम होऊन थांबतो, कूलर लावत नाही. त्यातला म्हातारा म्हणजे हुबेहूब देवराव. तशीच मान तिरपी, तसाच खांद्यावर दुपट्टा. देवरावांना यातलं काही माहीत नव्हतं. नोकरी लागल्यावरच दाखवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

चित्रं तयार झाली होती. आता ती एकामागून एक पक्की करून त्यांची फिल्म बनवायची होती, आणि हे काम प्रोसेसरला दिवसरात्र घाम फोडणारं. नेमका तेव्हाच तो तापू लागला. तापमानाचा आकडा शंभराला टेकला की कॉम्प्युटर फटकन बंद. दीक्षा चालू करायची, तो पुन्हा बंद.

तिनं पंखे तपासले. जाळीतली धूळ उडवली. प्रोसेसरवरचा लेप पुसून नवा लावला. कूलर ओढून कॉम्प्युटरसमोर आणला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, चालू होता, कूलरची हवासुद्धा कोमट लागत होती. शेवटी तिनं दोन्ही नळ्या बोटांनी चाचपल्या. एक भाजत होती, दुसरी साधीच. पाणी पुढे सरकतच नव्हतं.

सदरच्या दुकानातला रोशन येऊन कान लावून गेला. "पंप गेला वाटते वं," म्हणाला. अरे, गेला कुठे? मी जीव तोडून ढकलत होतो! पुढे वाटच नव्हती, त्याला मी काय करणार?

रविवारी संध्याकाळी दीक्षानं तांब्याचा ठोकळा उघडला. नाल्या पांढऱ्या क्षारानं गच्च भरल्या होत्या. अंगणातल्या कूलरच्या खसगवतावर चढतो, तसला बोअरच्या पाण्याचा थर. तेवढ्यात देवराव दुकानातून आले.

"काय झालं वं बेटा?"

"पाणी फिरून नाही राहिलं, बाबा."

"पाण्याची तं गोष्टच नाही. तू दर रविवारी रामदासपेठेले चित्रं शिकवाले जातं ना, तवा मी जुनं पाणी काढून ताजं भरून ठेवतो. टाकीचा खालचा नळ मले पहिल्याच दिवशी दिसला होता." आणि ते लाजल्यासारखे हसले. "म्हटलं, पोरीच्या कामात आपला बी हात लागू दे."

दीक्षानं मूठ मिटली. ठोकळा मुठीत होता. तिचा चेहरा मला दिसला आणि माझ्यातलं उरलंसुरलं पाणी आटलं असं वाटलं.

"मंग पंपच खराब निघाला, बाबा," ती म्हणाली.

तिनं बेसिनपाशी जाऊन नाल्या सुईनं कोरल्या, रात्रभर धडपड केली. फिल्म अर्धी झाली आणि सोमवारची दुपार उलटली. स्टुडिओनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. देवराव दोन दिवस मला शिव्या देत होते. दीक्षा त्यांच्यासमोर रडली नाही. नळ चालू करून न्हाणीत रडली.

मग देवराव मला दुकानात घेऊन आले. आयुष्य पंप उघडण्यात गेलेलं, हा एवढासा दुरुस्त होत नाही म्हणजे काय? वर्तमानपत्र पसरून त्यांनी मला खोललं. आतला पांढरा थर नखानं खरवडला आणि हात थांबला. हा थर त्यांनी हजार कूलरांमधून काढला होता. त्यांनी मला पाण्याच्या बादलीत धरलं, तारा बॅटरीला जोडल्या. मी सुसाट फिरलो. तोंडावर पाणी उडालं तरी ते हलले नाहीत.

"झाला का सुरू, बाबा?" दीक्षा चहा घेऊन दारात उभी होती.

देवरावांनी तार उपटली. "नाही वं. तू म्हणत होती तेच खरं. पंपच खराब हाय."

वर्तमानपत्रावरचा पांढरा चुरा तिला दिसला. त्यांना समजलंय, हे तिला समजलं. "जाऊ द्या, बाबा, चहा थंड होऊन राहिला," एवढंच ती बोलली, आणि दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायले.

तेव्हापासून मी दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. फार वाईट वाटतं हो. धड असून मोडक्यात जमा झालो. पण तुम्ही कधी त्या दुकानात कूलर घेऊन गेलात, आणि मी तुमच्या हाताला लागलो, तर तारा जोडून बघू नका. मी खराब नव्हतो, हे तुम्हाला कळलं, पुरे झालं. त्या दोघांसाठी मला खराबच राहू द्या.