माझ्या पोटातली सहा पाकिटे

मित्रांनो, मी एक जुने डेस्क आहे. शाळेतले बाकडे नव्हे आणि साहेबाचे टेबलही नव्हे. पूर्वी दुकानदार गादीवर मांडी घालून बसत आणि त्यांच्यापुढे उतरत्या झाकणाची एक लाकडी पेटी असे, ती मी. झाकणावर लिहायचे, झाकण उचलून आत ठेवायचे, एवढेच माझे काम. मला तोंड नाही. ते असते तर एक घर सुखी झाले असते, म्हणून आज तुम्हाला सगळे सांगते आहे.

शिरूर कासारला आसाराम नावाचा सुतार होता. त्याने मला अस्सल सागवानातून घडवले. माझ्या झाकणावर माशी बसली तर घसरून पडेल, असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. ते खोटे होते, पण मला आवडायचे. मला करून घेतले ते शिवलिंगप्पांच्या वडिलांनी. त्यांच्यामागे दुकान शिवलिंगप्पांकडे आले आणि दुकानाबरोबर मीही आले.

आमच्या दुकानात कोयते, दोर, ताडपत्र्या आणि बैलांचा साज मिळे. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघालेल्या माणसांची इतकी गर्दी होई की मला श्वास घ्यायला जागा नसे. दिवाळीपर्यंत गाव अर्धे रिकामे होई आणि मग दुकानात सामसूम. शिवलिंगप्पा रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत आणि कपाळावरचे भस्म उरले की माझ्याही झाकणावर तीन बोटे ओढत. माझा मालक देवमाणूस होता. भाव एकच आणि शब्द एकच. एकदा कोयत्यांचा भाव सांगून झाला आणि दुपारी बीडहून भाव वाढल्याचे कळले, तरी सकाळच्या गिऱ्हाइकाला त्यांनी सकाळच्याच भावाने माल दिला. लोक त्यांची स्तुती करत, आणि ती आपलीच आहे असे समजून मी फुगत असे.

त्यांना एकच मुलगी, शिवांजली. घरात तिला अंजू म्हणत. बाराखडी तिने माझ्याच झाकणावर गिरवली. शाई सांडली, करकटकाने माझ्या कडेला भोके पाडली, मी काही बोलले नाही. ही चिमुरडी पुढे औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेली. मेकॅनिकलच्या वर्गात मुली दोनच, त्यातली एक आमची. शिवलिंगप्पा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, मग त्याला बैलाची वेसण हवी असो की ताडपत्री.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याण्णवच्या दिवाळीची. गावात नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ आला होता आणि आमच्याकडे काथ्याचे दोर जाऊन नायलॉनचे आले होते. अंजू शेवटच्या वर्षाला होती. तिने मनाशी ठरवले होते की पुढचे शिक्षण अमेरिकेत घ्यायचे. मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आली होती, गुण चांगले पडले होते. आता कोणत्या कॉलेजांकडे अर्ज करायचा, याची यादी करायची होती.

पहिल्या दिवशी तिने यादीत सगळी मोठीच नावे लिहिली. मग पिशवीतून एक पत्र काढून पुन्हा वाचले. ते अंगदचे होते. अंगद तेलगावचा, तिच्याच कॉलेजात दोन वर्षे पुढे, आता तिकडे शिकत होता. त्याने स्वतः पहिल्या वर्षी नुसत्या मोठ्या नावांच्या मागे लागून वर्ष वाया घालवले होते. त्याने लिहिले होते की दोन कॉलेजे अशी निवड जी मिळाली तर नशीब, तीन अशी जी आपल्या गुणांना शोभतील, आणि दोन अशी जी बहुतेक नाही म्हणणारच नाहीत. तीन दिवस अंजू नावे लिहीत होती आणि खोडत होती. कुठे शिष्यवृत्ती मिळते, कुठे आपल्यासारखी मुले आधी गेली आहेत, कुठली शेवटची तारीख कधी, सगळे बघत होती. खालची दोन नावे लिहिताना तिचे मन होत नव्हते. ती गावे लहान, त्यांची नावेही कुणी ऐकलेली नाहीत. शेवटी तिने मनावर दगड ठेवून तीही लिहिली. तिचे बॉलपेन इतके जोरात चाले की कागदाखाली माझ्या झाकणावर सातही नावे उमटली.

ती यादी तिने वडिलांना समजावून सांगितली. शिवलिंगप्पांना इंग्रजी येत नसे, पण ते मान डोलवत ऐकत होते. ही खालची दोन कशाला घेतली, तू काय तेवढ्यावर आलीस का, असे त्यांनी विचारलेही. ती हसून म्हणाली, "राहू द्या आप्पा. समदे न्हाई म्हणले, तर हीच दोन मला नेतील."

सात पाकिटे तयार झाली. प्रत्येकात बीडच्या बँकेचा, खात्यात पैसे असल्याचा एक दाखला घालायचा होता आणि तो मिळायला आठ दिवस लागणार होते. तिची तर सुट्टी संपली. तिने पाकिटे यादीच्या क्रमाने रचून माझ्या पोटात ठेवली आणि वडिलांना सांगितले की दाखले आले की एकेक आत घाला, पाकिटे चिकटवा आणि बीडच्या मोठ्या पोस्टात टाका. जानेवारीच्या आत पोहोचली पाहिजेत, हेही सांगितले. मग मला हात लावून ती गाडीत बसायला गेली.

जाण्याआधी आणखी एक बोलणे झाले होते, ते सांगायला हवे. शिवलिंगप्पांचे थोरले भाऊ सिद्धाराम यांनी अंजूसाठी उदगीरचे एक स्थळ आणले होते. घर चांगले होते आणि माणसे थांबायला तयार होती. शिवलिंगप्पांनी भावाला सांगितले की जूनपर्यंत पोरीला कुठूनही होकार आला नाही, तर तुमच्या स्थळाला माझा होकार समजा. अंजूने ही अट हसत मान्य केली. सात अर्ज होते ना तिचे.

दाखले आले. शिवलिंगप्पांनी हात धुऊन सात पाकिटांत सात दाखले घातले, खळ लावून पाकिटे चिकटवली. मग त्यांनी सगळ्यात वरचे एक उचलले आणि बाकीची सहा परत माझ्या पोटात ठेवली. त्यांच्या पत्नी शिवम्मा दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की पोरगी तर सगळी टाका म्हणून गेली आहे.

"असं कुठं असतंय का," शिवलिंगप्पा म्हणाले. "एका घरी बोलणं लावलं की त्यांचा नकार आल्याबिगर दुसऱ्या घरची पायरी चढायची न्हाई. उद्या सातही जण हो म्हणले, तर सहा जणांना काय तोंड दावायचं?"

मित्रांनो, हे वाक्य मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे सोयरिकीची रीत तशीच होती. दोन घरी एकदम शब्द टाकणारा माणूस हलका समजला जाई. आणि शिवलिंगप्पांना खरोखर वाटत होते की आपल्या अंजूला सातही जण हो म्हणतील. एवढा भरवसा होता त्यांचा. मला त्यांच्यावर रागावताही येत नाही. पण मी आतून ओरडत होते की मालक, ही सोयरीक नव्हे. माझे कुणी ऐकले नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. जानेवारीची मुदत शिवलिंगप्पांनी पहिल्या पाकिटापुरतीच समजली होती. ती सहा पाकिटे माझ्या पोटात होती आणि त्यांच्या तारखा एकेक करून निघून जात होत्या. अंजू दर रविवारी बूथवर फोन करी. टपाल गेले का, असे ती विचारी. गेले, असे ते सांगत. ते खोटे बोलत नव्हते. किती गेले हे तिने विचारले नाही, कारण असे विचारावे लागेल हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

मार्चअखेर एक पातळ पाकीट आले. दुसऱ्याच्या नावचे टपाल शिवलिंगप्पा फोडत नसत. त्यांनी रविवारपर्यंत थांबून फोनवर तिची परवानगी घेतली आणि मग शाळेतल्या राधाकिशन सरांकडून ते वाचून घेतले. सगळ्यात वरच्या कॉलेजाचा नकार होता. अंजूला कळवले तेव्हा ती म्हणाली की असू द्या आप्पा, अजून सहा आहेत. शिवलिंगप्पांना वाटले, पोरीलाही आपली रीत पटली आहे. दुसऱ्या दिवशी ते बीडला गेले आणि मोठ्या उमेदीने दुसरे पाकीट टाकून आले.

मेच्या शेवटी परीक्षा संपवून अंजू घरी आली. वाळली होती. बाकीच्यांचे काहीच कसे आले नाही, हे तिला कळत नव्हते. त्यांच्याकडे विचारणा करायची म्हणून कागद घ्यायला तिने माझे झाकण उचलले.

तिने पाचही पाकिटे बाहेर काढली आणि माझ्या झाकणावर ओळीने मांडली. शिवलिंगप्पा आतून आले आणि आपणहून सांगू लागले की दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे, ते नाही म्हणाले की लगेच तिसऱ्याला टाकतो.

"आप्पा," ती म्हणाली, "तिथं अशी रीत न्हाई. तिथं समदेच समदीकडं अर्ज करतेत. एकालाच हो म्हणायचं, बाकीच्यांना न्हाई म्हणायचं. कुणाला राग येत न्हाई."

"मंग आता टाकू की."

"तारखा गेल्या." तिने सगळ्यात खालचे पाकीट उचलले. "हे तर हो म्हणले असते, आप्पा."

ती रडली नाही. शिवलिंगप्पा रडले. माझ्यावर डोके टेकवून रडले. माझ्या लाकडात ते पाणी मुरले आणि मला वाटले, आपण चिरून जाऊ. थोड्या वेळाने ते उठले, डोक्यावर टोपी घातली आणि भावाकडे जाऊन दिलेला शब्द माघारी घेतो म्हणाले. एक वर्ष मागून घेतो म्हणाले. अंजूने मान वर केली. दुकानाच्या पायरीपर्यंत ते गेले. तिथे उभे राहिले. मग परत येऊन माझ्यामागे गादीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. जन्मात कधी शब्द फिरवला नव्हता, तो त्यांना तेव्हाही फिरवता आला नाही. अंजूने हे सगळे पाहिले. तिने पाकिटे गोळा केली, होती तशी क्रमाने रचली आणि माझ्या पोटात ठेवून दिली.

जूनच्या शेवटच्या मुहूर्तावर तिचे लग्न झाले.

जुलैत दुसऱ्या कॉलेजाचे उत्तर आले. शिवलिंगप्पांनी ते न फोडता जपून ठेवले. नागपंचमीला अंजू पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या हातात दिले. ती माझ्यापुढे बसली, पाकीट फोडले आणि कागद माझ्या झाकणावर पसरून हलक्या आवाजात वाचू लागली. तिच्याबरोबर शिकत शिकत मलाही थोडे इंग्रजी कळू लागले होते. त्यात लिहिले होते की अर्ज फार चांगला आहे, पण मुदतीनंतर पोहोचला. वेळेत आला असता तर आम्ही आनंदाने घेतले असते. पुढच्या वर्षी अवश्य पाठवा.

शिवलिंगप्पा समोर उभे होते. हाताची बोटे एकमेकांत गुंतवून, गुन्हेगारासारखे. तिने त्यांच्याकडे पाहिले.

"नकारच हाय, आप्पा," ती म्हणाली. "वेळेत गेलं असतं तरी न्हाईच म्हणले असते. तुमी मनाला लावून घेऊ नका."

शिवलिंगप्पांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. त्या दिवशी दोन महिन्यांनी ते पोटभर जेवले, असे शिवम्मा म्हणाल्या. अंजूने ते पत्र घडी करून पाच पाकिटांच्या खाली सरकवले आणि पंचमी करून उदगीरला गेली. नंतर तिने तिथे मुलांच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. माहेरी आली की ती माझ्यावरची धूळ पुसे, पण झाकण कधी उघडत नसे.

सात वर्षे अशीच गेली. शिवलिंगप्पा थकले. दुकान बंद करायचे ठरले. सामान आवरायला राधाकिशन सर मदतीला आले होते. माझे पोट रिकामे करताना ते पत्र वर आले. शिवलिंगप्पांनी ते हातात घेतले आणि विचार करून सरांपुढे धरले. आता हे पोरीने फोडलेले आहे, म्हणजे वाचायला हरकत नाही, असे म्हणाले. काय लिहिले आहे ते ऐकू द्या एकदा.

सरांनी वाचले. मग मराठीत सांगितले.

शिवलिंगप्पा बराच वेळ माझ्या झाकणावर बोट फिरवत होते. इंग्रजी वाचता येत नसले तरी उमटलेल्या त्या सात ओळी त्यांना बोटाला लागत होत्या. त्यांनी वरून खालपर्यंत सातही मोजल्या. मग पत्राची घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली, परत पाकिटांच्या खाली ठेवली आणि झाकण लावले.

"सर," ते म्हणाले, "अंजूला सांगू नका. मला कळलंय म्हणून."

मित्रांनो, शिवलिंगप्पा आता नाहीत. मी मागच्या खोलीत पडून आहे. माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे. कुणी तुमच्यावर भरवसा टाकून काम सोपवले, तर ते आपल्या रीतीने करण्याआधी त्याला एकदा विचारा, एवढेच मला सांगायचे होते. आणि उद्या मला कुणी विकत घेतलेच, तर त्याला एक विनंती आहे. पाय बदला, कडा बदला, हवा तो रंग द्या. पण माझ्या झाकणावर रंधा मारू नका. त्यावर सात नावे आहेत.