पियुषचा हुंकार

"आयका, पण तुमचा इश्वास बसनार नाई," बाजेवर मांडी ठोकत मुखरू म्हणाला. "बसला, तर मी हे मोहर्ली गाव सोडून देतो."

मुखरूची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. त्यानं अस्वलावर बसून चंद्रपूरचा बाजार केला होता. सफारीचा गाइड असताना त्याला एका वाघिणीनं राखी बांधली होती, आणि ओवाळणी काय घातली ते तो अजून सांगत नव्हता. पण त्या दुपारची गोष्ट त्याला नाइलाजानं रचावी लागत होती. शेजारच्या लटारूनं अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या, मुखरूच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या देखत, विचारून टाकलं होतं, "मुखरूभाऊ, पियुषले अमेरिकेत पोलिसायनं धरलं म्हनते. खरं हाय का?"

सुपातली मोहफुलं निवडणारा रुखमाबाईचा हात जागीच थांबला. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. कुठलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पोराचा फोन का येत नाही, याला मुखरूनं तिकडच्या थंडीचं कारण दिलं होतं: तारा गोठल्या, शब्द मधेच अडकून राहिलेत, उन्हाळ्यात सुटतील. आता उन्हाळा आला होता.

खरं काय ते मुखरूला बल्लारपूरच्या अश्वजित वकिलानं सांगितलं होतं. पियुष तिकडे एका हॉटेलात आचारी होता. मालकानं त्याच्या सोबतच्या कामगाराला सगळ्यांसमोर थोबाडीत दिली, तेव्हा पियुषनं मोबाइलवर अगदी बापाच्या थाटात व्हिडिओ टाकला, की उद्या हे हॉटेल असं पेटवतो, धूर ताडोब्यातून दिसेल. मोहर्लीत कोणीतरी टाळी दिली असती. तिकडे पोलीस आले.

"काका, त्या देशात भर चौकात सरकारले शिव्या दिल्या तरी चालते," अश्वजित म्हणाला होता. "पन मानसाले धमकी देनं बोलन्याच्या हक्कात बसत नाई."

"अन् गंमत असन तं?"

"धमकी का गंमत, ते कोर्टात बसलेले पंच ठरवते. जूरी म्हनते त्यायले."

आणि पंचांनी ठरवलं ते त्याच्या हुंकारावरून. गप्प राहणं हा तुझा हक्क आहे, असं पोलिसांनी पियुषला आधीच सांगितलं होतं. त्यालाही ते समजलं होतं. पण ठाण्यातल्या साहेबानं प्रश्न विचारलेच नाहीत, त्यानं गोष्ट सांगायला घेतली. मग तू घरी गेलास. मग तुझं डोकं फिरलं. मग खरंच पेटवायचं मनात आलं. मुखरूच्या घरात हुंकाराशिवाय गोष्ट म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान, आणि लहानपणापासून हुंकार द्यायचं काम पियुषचं. तो देत गेला. हं. हं. कॅमेऱ्यात सगळं उतरलं, आणि प्रत्येक 'हं' म्हणजे कबुली ठरली. आमच्याकडे ही नुसती ऐकत असल्याची खूण असते, असं त्यानं कोर्टात परोपरीनं सांगितलं. तिकडे कोणाचा विश्वास बसला नाही. पोरगा तीन वर्षांसाठी आत गेला.

मुखरूनं घसा खाकरला.

"धरलं कायचं? न्यायले आले! आठ गाड्या, वर हेलिकॉप्टर. अन् हात जोडून म्हनते, पियुषजी, बोलाचं नसन तं बोलू नोका, तुमचा हक्क हाय. वकील पायजे? फुकट घ्या."

"आपल्या इकडं आंधी दोन ठेवून देते, मंग नाव इचारते," लटारू म्हणाला.

"हं," रुखमाबाई म्हणाली.

पियुष अमेरिकेला गेल्यापासून हुंकार तीच देत होती. तिचा हात पुन्हा मोहफुलांत फिरू लागला. मुखरूला धीर आला.

"मंग एक जाडा साहेब आला. त्यानं गोष्ट लावली. सकाळपासून जो सुरू झाला, तं खुर्चीवरची गादी झिजली."

"हं."

"भिंत भाऊ, भिंत पाघळली आयकून आयकून! अन् आपला पियुष? तोंडातून आवाज नाई. दगडावानी गप. शेवटी जज सोता उठून म्हनते, पोरा, आमी हारलो, तू जा घरी. दिवाळीले येऊन राह्यला तो."

मुखरू थांबला. हुंकार आला नाही. लटारू हसायला लागला होता, तोही रुखमाबाईकडे पाहून थांबला. तिनं सूप खाली ठेवलं होतं.

"काऊन वं?" मुखरू बाजेवरून पुढे सरकला. "हुंकार दे ना."

"तापात फनफनत होता, डोये उघडत नोयते, तरी तुमच्या गोष्टीले हुंकार देत होता माहा पोरगा," ती म्हणाली. "समोरचा गोष्ट सांगते अन् तो गप राह्यते? खोटं हाय हे. खोटं बोलून राह्यले तुमी."